संसाराचा जामीनदार

परदेशात स्थायिक झालेली व्यक्ती आपल्या पतीला किंवा पत्नीला कायमच्या वास्तव्यासाठी बोलावू लागली, की तेथील राज्यसंस्था त्या जोडप्यापुढे दोन प्रश्न ठेवते : हा विवाह खरा आहे काय, आणि हा विवाह परवडणारा आहे काय. पहिल्याचे उत्तर विवाहनोंदणीचा दाखला, जन्मदाखले, छायाचित्रे आणि पत्रव्यवहार यांतून द्यायचे असते. दुसऱ्याचे वेतनचिठ्ठ्या, आयकर विवरणपत्रे, बँकेचे खातेउतारे आणि एका ठरावीक नमुन्यातील हमीपत्र यांतून. दोन्ही प्रकारचे कागद एकाच गठ्ठ्यात बांधलेले असल्यामुळे ते एकाच चौकशीचे दोन भाग आहेत असा समज होतो, आणि या विषयावरची बहुतेक चर्चाही तसेच धरून चालते. वास्तविक हे दोन प्रश्न निराळ्या जातीचे आहेत, कारण पहिला वस्तुस्थितीचा आहे तर दुसरा पतीचा, म्हणजे सावकारी अर्थाने ज्याला ‘पत’ म्हणतात तिचा आहे. पहिला प्रश्न विचारण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार मान्य करता येतो, आणि जोडीदाराला जोडीदाराचा जामीनदार करणेही एक वेळ समजून घेता येते. परंतु त्या जामिनाची पात्रता ज्या आकड्यावर ठरते तो आकडा मुळात त्या संसारातून आलेलाच नसतो, आणि म्हणून ही अट आपला जाहीर हेतूही पुरा करत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

हा विषय न्यूयॉर्क किंवा लंडन येथून न पाहता बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील लोंढ्याहून पाहण्याला कारण आहे. मिरज-बेळगावकडून हुबळीला जाणारा लोहमार्ग आणि घाट उतरून गोव्याला जाणारा लोहमार्ग लोंढ्याला एकत्र येतात. १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात जो करार झाला, त्याने ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातील जकातीच्या भिंती काही काळ दूर केल्या आणि मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंतच्या रेल्वेला वाट करून दिली. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आणि वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे यांची कॅसलरॉकला गाठ पडली. १८९२ मध्ये तो करार संपला आणि जकातीचे नाके पुन्हा उभे राहिले : वर कॅसलरॉकला ब्रिटिशांचे, खाली कुळ्याला पोर्तुगिजांचे. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली तेव्हा ही गाडीच बंद झाली, आणि ज्या मुलुखात बेटीव्यवहार पिढ्यानपिढ्या घाटाच्या वर-खाली चालत आला होता तेथे सासर आणि माहेर यांच्यामध्ये परराष्ट्राची सीमा प्रत्यक्ष जाणवू लागली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर ती सीमा गेली. पण तोपर्यंत या बाजूला दुसरी आली होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले, २००४ मध्ये महाराष्ट्राने या भागासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगाव’चे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. १९५० साली लोंढ्यात जन्मलेला आणि गाव कधीही न सोडलेला मनुष्य कागदोपत्री तीन नावांच्या राज्यांत आणि दोन नावांच्या जिल्ह्यांत राहिलेला असतो. सीमा आधी हलते आणि कागद मागाहून, कित्येकदा फारच मागाहून, तिच्याशी जुळवला जातो, हे या प्रदेशाला कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

स्थलांतरितांच्या व्हिसासाठी, म्हणजे पर्यटन किंवा शिक्षण यांसाठी नव्हे तर कायमच्या वास्तव्यासाठी दिल्या जाणाऱ्या परवान्यासाठी, जो गठ्ठा लागतो त्याचा पाया जन्मदाखला हा असतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा असून त्याची अंमलबजावणी बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून झाली. त्यानंतरही खेड्यात घरी झालेली बाळंतपणे पुष्कळदा नोंदीवाचून राहिली. अशा वेळी आधी ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला मिळवायचा, मग वयाने वडील असलेल्या नातलगांची प्रतिज्ञापत्रे करायची, किंवा विलंबित नोंदणीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणायचा, असा मार्ग असतो. त्यासाठीच्या खेपा ग्रामपंचायत, नाडकचेरी (तालुक्याच्या खालच्या स्तरावरील महसुली कार्यालय, जेथे कर्नाटकात उत्पन्नाचे आणि रहिवासाचे दाखले मिळतात) आणि खानापूरचे तालुका कार्यालय यांच्यामध्ये होतात. जुना कागद हाती आला तरी तो कोणत्या भाषेत असेल हे त्याच्या सालावर अवलंबून असते. मुंबई राज्याच्या काळातील नोंद मराठीत, नंतरची कन्नडमध्ये, मराठी शाळेतला शाळा सोडल्याचा दाखला पुन्हा मराठीत, आणि सासर गोव्यातले असेल तर सासऱ्यांच्या जन्माची नोंद हस्तलिखित पोर्तुगिजमध्ये. परदेशी वकिलातीला या सर्वांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवे असते. त्यामुळे असाही प्रसंग येतो की अर्जदार मुलीला स्वतःचा जन्मदाखला वाचता येत नाही आणि त्याच्या इंग्रजी भाषांतरावर विसंबून ती सही करते.

नावांची गोष्ट याहून अवघड आहे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मराठी माणूस रोमन लिपीत ‘डी’ या अक्षरापासून लिहितो आणि कन्नड कारकून ‘जे’पासून, कारण ‘ज्ञ’ या जोडाक्षराचा उच्चार दोन्ही भाषांत निराळा आहे. लिहिताना दोघेही बरोबर असतात आणि संगणकाच्या दृष्टीने मात्र ही दोन माणसे ठरतात. कर्नाटकात आडनाव न लावता गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर लावण्याची पद्धत असल्यामुळे एकाच व्यक्तीच्या शाळेच्या दाखल्यावर एक रचना आणि मतदार ओळखपत्रावर दुसरी आढळते. ज्यांच्या पासपोर्टात नावाचा एकच भाग असतो त्यांच्या अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ या अर्थाची तीन रोमन अक्षरे छापली जातात, आणि अर्जदार ती अक्षरे घेऊन नव्या देशात उतरतो. त्यात मराठी घरांत लग्नानंतर मुलीचे मधले नाव आणि आडनाव तर बदलतेच, पण कित्येक घरांत तांदळाच्या ताटात नवे नाव लिहून तिचे पहिले नावही बदलले जाते. ते नाव सासरी रुळते, विवाहनोंदणीत उतरते आणि जन्मदाखल्याशी जुळत नाही. मग ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र मुद्रांकावर करावे लागते. हौसेने केलेल्या एका विधीची ही किंमत वधूपक्षाला लग्नमंडपात कोणी सांगत नाही.

इतके असूनही या पहिल्या प्रकारच्या कागदांबद्दल तक्रार करताना जपून बोलले पाहिजे. खोटे विवाह होतात, आधीचा विवाह लपवून दुसरा केला जातो, अल्पवयीन मुलीचे वय वाढवून सांगितले जाते, आणि हे शोधून काढण्याला दाखल्यांवाचून दुसरे साधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्विनी कुमार या प्रकरणात विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले ते मुख्यतः स्त्रियांच्या हितासाठीच. कर्नाटकाने तर नोंदणीचा कायदा १९७६ मध्येच केला होता, आणि गोव्यात पोर्तुगीज काळापासून नागरी निबंधकासमोर आधी इराद्याची नोंद आणि मग विवाहाची निश्चिती अशी दुहेरी पद्धत चालत आली आहे. आक्षेप घ्यायचा तर तो पुराव्याच्या एका गृहीतकावर घेता येईल. विवाह खरा असल्याची खूण म्हणून परदेशी अधिकारी पूर्वपरिचयाचा काळ, एकत्र राहिल्याचा पत्ता, संयुक्त बँकखाते यांकडे पाहतात, आणि ठरवून झालेल्या लग्नात हे तिन्ही लग्नानंतर यायचे असते. येथे विवाहाची साक्ष लग्नपत्रिका, जेवणावळीला आलेले गाव आणि दोन्ही बाजूंचे मामा देतात. अनुभवी अधिकारी हे ओळखतात, असेही म्हणावे लागेल. पहिल्या प्रश्नातील चूक अशी माणसाच्या समजुतीने दुरुस्त होऊ शकते; दुसऱ्या प्रश्नात तशी सोयच ठेवलेली नाही, कारण तेथे उत्तर आकड्याने द्यायचे असते.

अमेरिकेपुरते पाहिले तर ‘सार्वजनिक भार’ ही कल्पना, म्हणजे सरकारी तिजोरीवर जगण्याची पाळी येईल अशी व्यक्ती, १८८२ च्या स्थलांतर कायद्यात आली. त्याच कायद्याने परदेशातून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे पन्नास सेंटचा कर जहाजमालकावर बसवला. वैद्यकीय शिक्षणासाठी निघालेल्या आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा हा कायदा एक वर्षाचाही झालेला नव्हता. त्यांना व्हिसा लागला नाही, कारण परदेशातील वकिलातींनी स्थलांतरितांना आगाऊ व्हिसा देण्याची पद्धत त्या देशात १९२४ च्या कायद्याने पक्की झाली. नवरा टपाल खात्यात आणि मायदेशी, स्वतःचे उत्पन्न शून्य, अशा स्थितीत आजचा कोणताही तक्ता त्यांना पास करता ना. अर्थात त्यांचे जाणे वैवाहिक व्हिसाच्या प्रकारात मोडत नाही, आणि १९१७ पासून १९४६ पर्यंत तर त्या देशाने हिंदी स्थलांतरितांना दार जवळजवळ बंदच केले होते. परंतु ‘स्वतःचा निर्वाह करू शकेल काय’ हा प्रश्न त्या काळी बंदरावरचा अधिकारी समोरच्या माणसाकडे पाहून सोडवी, आणि आज तो त्या माणसाच्या अनुपस्थितीत सोडवला जातो, हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

सध्याची पद्धत १९९६ च्या कायद्याने आली आणि डिसेंबर १९९७ पासून अमलात आहे. तिच्यात ‘निर्वाहाचे हमीपत्र’ हा कायद्याने बांधणारा करार असतो. अमेरिकेतील जोडीदार, ज्याला प्रायोजक म्हणतात, आपले उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट आहे असे दाखवतो आणि येणाऱ्या जोडीदाराला त्या पातळीवर सांभाळण्याची हमी देतो. २०२५ च्या मार्गदर्शक तक्त्यात दोन माणसांच्या कुटुंबासाठी ही रेषा २१,१५० डॉलर होती, म्हणून सव्वापट म्हणजे सुमारे २६,४३७ डॉलर. उत्पन्न तोकडे पडले तर तिसरी व्यक्ती सहप्रायोजक म्हणून सही करू शकते, किंवा मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या जोडीदाराच्या बाबतीत तुटीच्या तिप्पट किमतीची, आणि वर्षभरात रोखीत बदलता येण्याजोगी. ज्याने गावातल्या पतसंस्थेतून कधी कर्ज काढले आहे त्याला हा सारा मसुदा ओळखीचा वाटेल : कर्जदार, जामीनदार, दुसरा जामीनदार, तारण. फक्त येथे कर्ज कोणीच घेतलेले नसते.

या रेषेचा इतिहास सांगितल्याशिवाय तिची विचित्रता कळत नाही. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनात काम करणाऱ्या मॉली ऑर्शान्स्की या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९६३-६४ च्या सुमारास ती तयार केली. शेती खात्याने चणचणीच्या दिवसांत तात्पुरता चालवायचा म्हणून आखलेला सर्वांत स्वस्त आहार त्यांनी घेतला, १९५५ च्या एका पाहणीत कुटुंबे उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करतात असे दिसले होते म्हणून त्या आहाराच्या खर्चाला तीनाने गुणले, आणि जो आकडा आला त्याच्याखाली राहणारी कुटुंबे निश्चितच अपुऱ्यात आहेत असे म्हटले. १९६९ मध्ये सरकारने ती अधिकृत मोजपट्टी केली आणि तेव्हापासून मुख्यतः महागाईच्या हिशोबाने ती वर सरकवली जाते. आजच्या अमेरिकी घरात अन्नावरचा वाटा पुष्कळ कमी आणि घरभाडे, औषधपाणी, पाळणाघर यांवरचा पुष्कळ जास्त आहे. शिवाय अलास्का आणि हवाई वगळता सगळ्या राज्यांना एकच आकडा लागू होतो, मग ते खेडे मिसिसिपीतील असो की घर सॅन फ्रान्सिस्कोतील. थोडक्यात, किती लोक गरीब आहेत हे मोजण्यासाठी तयार केलेली पट्टी कोणाची बायको देशात यावी हे ठरवण्यासाठी वापरली जात आहे. पट्टी करणाऱ्या बाईंचा तो हेतू नव्हता.

ब्रिटनमध्ये हा आकडा अधिक उघडपणे बदलत गेला. जुलै २०१२ मध्ये जोडीदार बोलावणाऱ्यासाठी वार्षिक १८,६०० पौंडांची अट आली. ज्या उत्पन्नावर जोडपे उत्पन्नाधारित सरकारी मदतीला पात्र राहत नाही ती ही पातळी, असे तिचे समर्थन होते, आणि ते पटो न पटो, त्याला निदान आतला तर्क होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट अनेक कुटुंबांना जाचक आहे हे मान्य करूनही ती तत्त्वतः बेकायदा ठरवली नाही, मात्र मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या पर्यायी मार्गांचा विचार नियमांत अपुरा आहे असे म्हटले. ११ एप्रिल २०२४ पासून अट २९,००० पौंडांवर गेली. हा नवा आकडा कोठून आला? कुशल कामगारांच्या व्हिसाला पात्र असलेल्या नोकऱ्यांच्या पगारश्रेणीत खालून चौथ्या हिश्श्यावर जो पगार येतो, तो हा. पुढे ३४,५०० आणि ३८,७०० पौंडांपर्यंत चढण्याचे ठरले होते, ते टप्पे नंतर स्थगित ठेवण्यात आले. येथे तर्काचा धागा सरळ तुटलेला दिसतो. कारखानदाराने परदेशातून तंत्रज्ञ आणावा की नाही हे ठरवताना पगार पाहणे योग्य असेल, कारण पगार तंत्रज्ञाला मिळायचा असतो. जोडीदाराच्या व्हिसात मात्र पगार एकाचा मोजतात आणि प्रवेश दुसऱ्याला देतात किंवा नाकारतात. येणारी व्यक्ती बेळगावात परिचारिका म्हणून काम करत असेल आणि तिकडे तिला सहज नोकरी मिळण्यासारखी असेल, तरी पहिल्या अर्जात तिची येथील किंवा भावी कमाई सामान्यतः धरली जात नाही. त्यावर मौज अशी की अशा व्हिसावर आलेल्या जोडीदाराला सरकारी मदत घेण्यास मुळातच मनाई असते. अमेरिकेतही कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळालेल्या नवागताला पहिली पाच वर्षे बहुतेक केंद्रीय मदत योजना बंद असतात. ज्या दाराला कुलूप लावलेले आहे त्याच्यासमोर आणखी एक पहारेकरी उभा करायचा, आणि त्याचा पगार जोडप्याकडून घ्यायचा, असा हा प्रकार आहे.

पगाराचा उल्लेख केवळ अलंकारिक नाही. अमेरिकी नागरिकाच्या जोडीदारासाठी मूळ अर्जाचे ऑनलाइन शुल्क १ एप्रिल २०२४ पासून ६२५ डॉलर (कागदी अर्जाला ६७५), व्हिसाअर्जाचे ३२५, हमीपत्राच्या तपासणीचे १२० आणि स्थलांतर शुल्क २३५ असे मिळून १,३०५ डॉलर झाले, म्हणजे लाखभर रुपयांच्या वर. त्यात वैद्यकीय तपासणी, भाषांतरे आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासापर्यंतच्या खेपा धरलेल्या नाहीत. हमीपत्र तपासण्याचे शुल्क हमी देणाऱ्याकडूनच घेतले जाते, हा तपशील एखाद्या विनोदी लेखकाला सुचला असता तर अतिशयोक्ती वाटली असती. ब्रिटनचे अर्जशुल्क एप्रिल २०२५ मध्ये १,९३८ पौंड झाले, आणि आरोग्य अधिभार तेव्हा वर्षाला १,०३५ पौंड होता. पहिला परवाना तेहतीस महिन्यांचा असला तरी अधिभार तीन वर्षांचा धरला जातो, म्हणून एकूण ५,०४३ पौंड. येथील लाखाच्या हिशोबात ते पाच लाखांच्या पुढे जाते, आणि परवान्याची मुदत संपत आली की मुदतवाढीसाठी शुल्क आणि अधिभार पुन्हा भरावे लागतात. सेवेच्या खर्चापेक्षा जास्त शुल्क घेण्याची मुभा तेथील कायद्यानेच सरकारला दिलेली आहे. तथापि शुल्क ही या व्यवस्थेतील त्यातल्या त्यात प्रामाणिक गोष्ट म्हटली पाहिजे, कारण ते किती आहे हे आधी कळते आणि ते सर्वांना सारखे असते.

आकड्याचा संसाराशी संबंध नाही हे विधान अमूर्त वाटेल, म्हणून घाटाखालची गोष्ट येथे तपासून पाहता येईल. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या व्यक्तीला आणि तिच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद लिस्बनमध्ये करता येते, आणि या मार्गाने पासपोर्ट मिळवून बरेच गोमंतकीय ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडन आणि लंडनच्या परिसरात, स्थिरावले. भारतीय कायद्याप्रमाणे त्याच क्षणी त्यांचे भारतीय नागरिकत्व संपते. लोंढ्याची किंवा खानापूरची मुलगी अशा घरात दिली गेली तर ती भारतीयच राहते, कारण तिचे आजोबा घाटाच्या वरच्या बाजूला जन्मले. काही मैलांचा आणि जुन्या जकातनाक्याचा हा फरक. युरोपीय संघाच्या मुक्तसंचाराच्या नियमांखाली ब्रिटनमध्ये राहणारा पोर्तुगीज नागरिक आपल्या पत्नीला किमान उत्पन्नाच्या अटीवाचून बोलावू शके, आणि कुटुंब-परवान्याला शुल्कही नव्हते. शेजारच्या घरात राहणारा जन्माने ब्रिटिश नागरिक मात्र त्याच वेळी १८,६०० पौंडांच्या वेतनचिठ्ठ्या गोळा करत असे. (याच विसंगतीतून १९९२ चा सुरिंदर सिंग निकाल प्रसिद्धीस आला. जर्मनीत काम करून परतलेल्या ब्रिटिश पत्नीच्या भारतीय पतीला युरोपीय नियमांचा लाभ मिळाला, आणि पुढे कित्येक ब्रिटिश जोडपी केवळ त्यासाठी काही महिने आयर्लंडला जाऊन राहू लागली.) ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे ३१ डिसेंबर २०२० रोजी हा अध्याय संपला. त्या दिवसापर्यंत नाते जुळलेले असेल तर पत्नीला आजही जुन्या, विनाशुल्क वाटेने जाता येते. मुहूर्त जानेवारी २०२१ चा निघाला आणि आधीचे सहजीवन नसेल, तर उत्पन्नाची अट : तेव्हा १८,६०० पौंडांची, आज २९,००० ची.

दोन सख्ख्या भावांची कल्पना करावी, एकाच गोदामात एकाच पगारावर काम करणारे, एकाचे लग्न नोव्हेंबर २०२० मधले आणि दुसऱ्याचे फेब्रुवारी २०२१ मधले. दोन्ही सुनांची गरज, दोन्ही संसारांचा खर्च, सरकारी तिजोरीवरचा संभाव्य भार यांत कसलाही फरक नाही. फरक आहे तो राष्ट्रांमधील करारात. उत्पन्नाची अट जर खरोखर निर्वाहाची काळजी असती, तर ती एका भावाला मुळीच नसणे आणि दुसऱ्याला एका रात्रीत असणे शक्य नव्हते. युरोपीय न्यायालयाने २०१० च्या चक्रून निकालात हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत मांडली : नेदरलँड्स किमान वेतनाच्या १२० टक्के उत्पन्न मागत होते, आणि न्यायालयाने म्हटले की ठरावीक रक्कम केवळ संदर्भ म्हणून वापरता येईल, तिच्याखालील प्रत्येकाला व्यक्तिगत स्थिती न पाहता नाकारता येणार नाही.

या युक्तिवादावरचा सर्वांत वजनदार आक्षेप करदात्यांच्या बाजूचा नाही. करदात्यांच्या आक्षेपाचे उत्तर वर येऊन गेले. सर्वांत वजनदार आक्षेप वधूच्या बाजूचा आहे. पंजाबप्रमाणे महाराष्ट्रात आणि सीमाभागातही परदेशी स्थळाच्या मोहाने दिलेल्या आणि नंतर वाऱ्यावर सोडलेल्या मुलींच्या कहाण्या आहेत, आणि मुलीचा बाप नोकरीची खात्री करतोच, मग सरकारने केली तर बिघडले कोठे, असे विचारले जाईल. अमेरिकी हमीपत्राचे एक अंग तर स्त्रीच्या खरोखर उपयोगाचे आहे : घटस्फोट झाला तरी हमी संपत नाही, आणि सोडून दिलेल्या पत्नीने या कराराच्या आधारे निर्वाह मागितल्यास तेथील न्यायालयांनी तो देवविला आहे. इंग्रजी न येणाऱ्या, परमुलखात एकट्या पडलेल्या मुलीच्या हाती देता येण्यासारखे हे दुर्मिळ शस्त्र आहे आणि ते काढून घ्यावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु नीट पाहिले तर या आक्षेपातच दोन गोष्टींची गल्लत आहे. हमी ही पुढची जबाबदारी आहे. किमान उत्पन्न ही आधीची चाळणी आहे. पहिली ठेवून दुसरी काढता येते, आणि हे स्वप्नरंजन नव्हे, कारण कॅनडा नेमके तसेच करतो. तेथे जोडीदाराला बोलावताना साधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही; प्रायोजक स्वतः अपंगत्वाखेरीज अन्य कारणासाठी सरकारी मदतीवर नसावा आणि त्याने तीन वर्षांच्या निर्वाहाची हमी द्यावी, एवढेच. हाच देश १९०८ मध्ये हिंदुस्थानातून येणाऱ्या प्रत्येकाकडून खिशात दोनशे डॉलर मागत होता आणि १९१४ मध्ये त्याने हिंदी प्रवाशांची ‘कोमागाटा मारू’ बोट परत पाठवली, हे आठवले म्हणजे कायदे बदलू शकतात याचा निराळा पुरावा लागत नाही.

चाळणीचा उपद्रव कोणाला होतो हेही पाहिले पाहिजे. संगणक अभियंत्याला होत नाही. त्याच्या बाबतीत वेळ जातो, अडचण येत नाही. होतो तो अर्धवेळ काम करणाऱ्याला, शिकत असलेल्याला, आणि मोठ्या प्रमाणावर स्त्रीला, जेव्हा बोलावणारी ती असते, कारण तिचे वेतन कमी असते आणि मूल झाले असेल तर खंडितही असते. मायदेशाकडून आधार मिळायचा तर तो या नमुन्यात बसत नाही. खानापूर तालुक्यातील भातशेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने त्याचे विवरणपत्र नसते, जमीन चुलत्यांसह सामायिक असल्याने उताऱ्यावर पाच-सात नावे असतात आणि ती वर्षभरात रोखीत बदलण्याची कल्पनाच घरात उच्चारता येत नाही. ब्रिटनच्या नियमांत उत्पन्नाऐवजी केवळ बचत दाखवायची तर ८८,५०० पौंड रोख, आणि तेही सहा महिने खात्यात न हलता पडून राहिलेले हवेत. भाऊबंदांनी लग्नासाठी उभे केलेले आणि मुहूर्तापूर्वी खात्यात येऊन गेलेले पैसे या हिशोबाने पैसेच नव्हेत. ज्या घरात पत ही माणसांच्या संख्येवर आणि शब्दावर चालते, तेथे एका माणसाच्या नावावरचा एक आकडा मागणे म्हणजे त्या घराची खरी ऐपत न पाहण्याची व्यवस्था करणे होय.

अमेरिकी हमी केव्हा सुटते याची कलमे ठरलेली आहेत : आलेला जोडीदार नागरिक झाला, मरण पावला, कायमचा देश सोडून गेला, किंवा त्याच्या नावे कामाचे चाळीस तिमाही हप्ते जमा झाले, म्हणजे साधारण दहा वर्षांची कमाई. लोंढ्याहून गेलेली मुलगी तिकडे एखाद्या रुग्णालयात किंवा दुकानात दहा वर्षे राबली, की तिच्या नवऱ्याचा जामीन तिच्या श्रमाने सुटतो. व्हिसासाठी मुंबईला मुलाखत झाली तेव्हा तिचे शिक्षण आणि हात तेच होते. हमीपत्राच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.